ओसरीवर गॅलरी, आत छापखाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नपत्रिका छापून मिळतील का?

नाही. सुरुवात याच प्रश्नाने करतोय, कारण नाशिकच्या वाड्यातल्या आमच्या स्टुडिओची पाटी वाचून आठवड्याला दोन-तीन माणसं याच कामासाठी आत येतात. त्यांचं काही चुकत नाही. पाटीवर ‘छापखाना’ लिहिलंय, आत मोठं चाक असलेलं यंत्र दिसतं, शाईचा वास येतो. पण व्हिजिटिंग कार्ड, बिलबुक, फ्लेक्स, झेरॉक्स यांपैकी काहीही इथे होत नाही. चार घरं पुढे झेरॉक्सवाले दादा आहेत, ते सगळं करून देतात. लिनो (ठसा कोरायचा मऊ थर) कापायला आलेली पोरं चुकून त्यांच्याकडे गेली तर ते आमच्याकडे पाठवतात, त्यामुळे हिशोब बरोबर राहतो.

इथे चित्रं छापली जातात. लाकूड, लिनो किंवा तांब्याचा पत्रा घ्यायचा, त्यावर चित्र कोरायचं, शाई चढवायची आणि कागदावर दाबून छाप घ्यायची. मराठीत याला मुद्राचित्रण असा भारदस्त शब्द आहे. तो आम्ही अर्ज-विनंत्यांत वापरतो. एरवी सगळे ‘प्रिंट’च म्हणतात.

नाशिकमध्ये ‘प्रेस’ म्हटलं की नोटांची प्रेस. तुमचा तिच्याशी काही संबंध?

कागदोपत्री काही नाही. पण नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस आहे आणि १९२८ पासून करन्सी नोट प्रेस, त्यामुळे या शहरात कुणाचे ना कुणाचे वडील ‘प्रेसमध्ये’ होतेच. खिशातली पाचशेची नोट काढा. गांधीजींच्या चित्रावरून आणि कडेच्या तिरक्या रेषांवरून अंगठा फिरवा. खरखरीत लागतं ना? प्लेटमध्ये कोरलेल्या खोल रेषांत भरलेली शाई प्रचंड दाबाने कागदाने ओढून घेतलेली असते, म्हणून ती अशी उठून येते. आमच्या एचिंगवरही (पत्र्यावर रासायनिक द्रावणाने रेषा खोदून घेतलेली छाप) बोटाला तेच लागतं. पद्धतीचं नाव एकच, इंटाग्लिओ. फरक एवढाच की त्यांची छाप कुठेही चालते, आमची चालवावी लागते.

प्रिंट म्हणजे कॉपी ना? मूळ चित्र कुठे आहे?

मूळ चित्र नसतंच. हे पटवून देण्यात आमचं अर्धं आयुष्य जाणार आहे, तेव्हा इथे जरा सविस्तर.

तांब्याचा पत्रा भिंतीवर लावून पाहिलात तर उलटं, काळपट, उजेड बदलला की गायब होणारं काहीतरी दिसेल. ते चित्र नव्हे, तो साचा. मोदक साच्यातून निघाला म्हणून आपण त्याला कशाची कॉपी म्हणत नाही. चित्र जन्माला येतं ते ओला कागद प्लेटवरून उचलताना. पंधरा छाप घेतल्या तर पंधराही मूळच.

गोंधळ होतो त्याला कारण आहे. आपल्या पणजीच्या देवघरातली लक्ष्मी, सरस्वती बहुधा राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातून आलेली. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे आधी तैलरंगातलं चित्र होतं. मग एकेका रंगाला छपाईचा एकेक दगड वापरून त्याच्या असंख्य प्रती निघाल्या. म्हणजे तिथे मूळ चित्र वेगळं होतं आणि घरोघरी गेली ती प्रतिकृती. वाईट नव्हे हं, उलट त्या छापांनी देवांना चेहरे दिले. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी रविवर्म्यांच्या या छापखान्यासाठी काम करत, नंतर त्यांनी स्वतःचाही ब्लॉक (छपाईचे ठसे) आणि छपाईचा उद्योग काढला. सिनेमावाले त्यांना आपले म्हणतात. आम्ही म्हणतो, माणूस मूळचा छापखान्यातला.

आता चित्तप्रसाद यांचं एखादं लिनोकट पाहा. मूळचे बंगालचे चित्रकार, आयुष्याची कित्येक वर्षं मुंबईत राहिलेले. त्यांच्या काळ्या-पांढऱ्यातला तो ठोसा चाकूतूनच आलेला असतो. ब्रशने काढून मग लिनोवर उतरवला असता तर तो मऊ पडला असता. हत्यार चित्राला वळण देतं, आणि म्हणूनच आम्ही त्याला नक्कल म्हणू देत नाही.

मोठ्या प्रिंटरवर काढलेलं पेंटिंगचं छापील चित्रही हल्ली ‘लिमिटेड एडिशन प्रिंट’ म्हणून विकलं जातं. विकणाऱ्याने विकावं. घेताना मात्र विचारा, ‘प्लेट कुठे आहे?’ उत्तर पेनड्राइव्ह असेल तर भाव त्या हिशोबाने करा.

चित्राखाली पेन्सिलने ३/१५ लिहिलंय, म्हणजे काय?

या प्लेटच्या एकूण पंधरा छाप काढल्या, ही त्यातली तिसरी. डावीकडे आकडा, मध्ये नाव, उजवीकडे सही आणि साल. ‘ए. पी.’ लिहिलं असेल तर ती चित्रकाराने स्वतःसाठी राखलेली छाप. १/१५ ही १५/१५ पेक्षा भारी नसते. भाव सारखाच. पंधरा झाल्या की प्लेटवर आडवी रेघ ओढून ती बाद करतो, आणि आहेराच्या वहीसारखी आमची एक लांबडी लाल वही आहे, तिच्यात नोंद होते.

हे सगळं चालवतं कोण? पैसे कुठून येतात?

आम्ही सहा जण. दोघं शाळेत चित्रकला शिकवतात, एकीने बारा वर्षं स्क्रीन प्रिंटिंगचं युनिट चालवलंय, एक अंबडच्या कारखान्यात डाय-मेकर (धातूचे साचे करणारा), दोघं पूर्ण वेळ चित्रकार, म्हणजे पूर्ण वेळ काळजीत.

एचिंग प्रेस ही वस्तू एकट्याने घ्यायची नसतेच. महाग असते, जड असते आणि एका माणसाच्या हातून दिवसाला दोन तास चालते. म्हणून आम्ही भिशी लावली. दर महिन्याला पैसे जमा, पण नंबर कुणाचाच काढायचा नाही. अठरा महिन्यांनी यंत्राला नंबर लागला. प्रेस आमच्या डाय-मेकरनेच ओळखीच्या वर्कशॉपमध्ये उभी करून घेतली. वाड्यात आणताना दाराची चौकट काढावी लागली आणि गल्लीतल्या प्रत्येकाने आपापला सल्ला दिला.

महिन्याचं भागतं ते सभासदांच्या वर्गणीवर (१,५०० रुपये, चावीसकट), दिवसाच्या वापरावर (४०० रुपये, शाई आमची, कागद तुमचा) आणि कार्यशाळांवर. गॅलरीत चित्र विकलं गेलं तर ३० टक्के स्टुडिओचे. त्यातून भाडं, वीज आणि चहा निघतो. चहाचा आकडा आम्ही जाहीर करत नाही.

पण सगळे एकत्र येतात याचं खरं कारण पैसा नाही. एचिंग छापताना हात काळे होतात आणि कागद पांढराशुभ्र ठेवायचा असतो. काळ्या हाताने कागद उचलला की गेला. म्हणून एकाने शाई लावायची, दुसऱ्याने कागद धरायचा. इथे दोघं जण भांडलेले असले तरी एकाला दुसऱ्याला हाक मारावीच लागते, ‘अरे, कागद धर.’

मला चित्र काढता येत नाही. येऊ का?

या की.

काय काय शिकवता?

पहिल्या दिवशी लिनोकट. लिनो म्हणजे जवसाचं तेल आणि कॉर्कचा किंवा लाकडाचा भुसा यांचा थर, पाठीमागे तागाचं कापड. लोण्यासारखा कापला जातो असं म्हणतात. ते एप्रिलमध्ये. डिसेंबर-जानेवारीत निफाडहून गार वारा सुटतो तेव्हा लिनो कडक होतो, हत्यार सटकतं, आणि ते नेहमी दुसऱ्या हाताकडेच सटकतं. म्हणून थंडीत लिनो आधी उन्हात ठेवायचा किंवा कोमट इस्त्री फिरवायची. धरणारा हात कायम हत्याराच्या मागे. हा एक नियम जो मोडतो त्याला आम्ही बँड-एड देतो आणि वहीत तारीख लिहितो.

दुसरा धडा उलट्या अक्षरांचा. छापताना सगळं आरशातल्यासारखं उलटतं हे सगळ्यांना सांगतो, सगळे मान डोलावतात, आणि दर बॅचला कुणीतरी ‘गोदावरी’ सुलटं कोरतं. कागद उचलल्यावर चेहरा बघण्यासारखा असतो. ट्रेसिंग पेपरवर लिहा, पेपर पालथा घाला, मग उतरवा. काना आणि वेलांटी कुठल्या बाजूला जातात ते पाहायला हातात छोटा आरसा ठेवा.

त्यापुढे ड्रायपॉइंट, म्हणजे सुईने सरळ पत्र्यावर ओरखडे. ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक कड उठते, तिच्यात शाई अडकते आणि रेघ मखमली येते. ही कड दाबाखाली हळूहळू बसत जाते, त्यामुळे दहा-पंधरा छापांनंतर रेघ थकते. सरावाला तांबं नको. ज्यूसचं रिकामं खोकं उलगडा, आतली चंदेरी बाजू वर घ्या आणि सुई चालवा. उत्तम येतं.

कोलोग्राफला आमच्याकडे नाशिकचा माल आहे. द्राक्षाच्या पेट्यांचा पन्हाळी पुठ्ठा, कांद्याच्या गोणीची जाळी, वाळलेली पानं हे पुठ्ठ्यावर चिकटवायचं, वर वॉर्निश मारायचं आणि छापायचं. लाल गोणीच्या जाळीची छाप इतकी सुंदर येते की तिचा मोह आवरायला शिकवावं लागतं. एक वर्ष गॅलरीत जिकडेतिकडे जाळीच जाळी होती.

स्क्रीन प्रिंटिंग आहे. लिथोग्राफी नाही. तिला लागणारा चुनखडीचा जाड दगड आमच्याकडे नाही, आणि दोन दगड आणले तर बसायला जागा उरणार नाही.

एचिंगसाठी तांबं कुठून आणता?

चालत जाऊन. नाशिकमध्ये स्टुडिओ काढायचा सगळ्यात मोठा फायदा हाच. भांडी बाजार आणि तांबट लेन पायाखाली आहेत. पत्रा वजनावर मिळतो, आम्ही साधारण अठरा गेजचा (गेज म्हणजे जाडीचं माप) घेतो आणि दुकानातच कापून आणतो. कडा मात्र घरी घासून उतरत्या करायच्या, नाहीतर त्या ओल्या कागदाला आणि प्रेसमध्ये त्यावर घातलेल्या नमद्याला (जाड लोकरी कापडाला) कापतात.

एकदा पत्रा घेताना दुकानासमोर बसून भांड्यांवर नावं घालणाऱ्या काकांनी विचारलं, ‘एवढ्या पत्र्याचं करता काय?’ सांगून कळेना, म्हणून त्यांना घेऊन आलो. त्यांनी खिशातून आपली छोटी छिन्नी काढली, तळहाताएवढ्या तुकड्यावर टिकटिक करत ठिपक्यांनी बायकोचं नाव घातलं, शेजारी एक फूल. दीड मिनिट. आम्ही शाई लावली, मलमलने पुसली, प्रेसमधून काढली. काकांनी कागद हातात घेतला. नाव उलटं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘चाळीस वर्षं सुलटं घातलं. आता उलटं शिकवता होय?’ पुढच्या आठवड्यात स्वतःहून आले. या वेळी नाव उलटं घातलेलं होतं, आरसा न वापरता, आणि एकही ठिपका चुकलेला नव्हता. ती छाप ओसरीवर लावली आहे. विकायची नाही.

तांबट आणि छपाई ही जोडी नवी नाही. नाना फडणविसांनी एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरायला बसवलं होतं. नाना १८०० मध्ये गेले, तो कारागीर मिरजेला पटवर्धनांकडे गेला, आणि १८०५ मध्ये तिथे गीता छापून निघाली. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘मजुरी किती दिली?’

ॲसिड वापरता का? घातक असतं ना?

नायट्रिक ॲसिड वापरत नाही. त्याचा तपकिरी धूर छातीत जातो आणि वाड्यात खेळती हवा म्हणजे एक खिडकी. आम्ही फेरिक क्लोराईड वापरतो, इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट बोर्डासाठी घेतात तेच. धूर नाही, पण निरुपद्रवीही नाही. हातमोजे आणि चष्मा सक्तीचे. कपड्यावर पडलं तर तांबूस डाग कायमचा. पत्रा द्रावणात पालथा ठेवायचा, म्हणजे सुटलेला गाळ रेषांत न बसता खाली पडतो. आणि भांडं प्लास्टिकचंच. पहिल्या महिन्यात आमच्यातल्या एकाने (नाव सांगत नाही, तो हेच टाइप करतोय) स्टीलचं पातेलं वापरलं. सकाळी पातेल्याला भोक आणि फरशीवर भारताच्या नकाशासारखा डाग. तो अजून आहे. पाहुण्यांना दाखवतो.

वापरून झालेलं द्रावण मोरीत ओतत नाही, कारण जुन्या नाशकातली मोरी शेवटी कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. धुण्याचा सोडा घालून ते शांत करायचं, तांब्याचा गाळ खाली बसू द्यायचा आणि तो बंद डब्यात साठवून घातक कचरा म्हणून रीतसर द्यायचा. शाई पुसायला टर्पेंटाइन किंवा रॉकेल नाही. आधी खाद्यतेल, मग भांड्यांचा साबण. शाई म्हणजे तरी काय, मुख्यतः जवसाचं तेल आणि काजळी. तेलाला तेल सोडवतं.

कागद कुठला?

कापसाच्या चिंध्यांचा, अडीचशे ते तीनशे जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद वापरतो, ही संस्था १९४० पासून आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही पिढ्यानपिढ्या हातकागद होत आलाय. एचिंगला कागद आदल्या रात्री भिजवून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा. ओला कागद रेषेत शिरतो, कोरडा वरच्यावर राहतो. कार्ड-पेपर आणू नका. भिजला की त्याची पोळी होते.

पावसाळ्यात बंद असता का?

बंद नसतो, चिडलेले असतो. एप्रिलमध्ये दोन दिवसांत वाळणारी तेलाची शाई ऑगस्टमध्ये आठवडा घेते. एका श्रावणात चाळीस कागदांच्या गठ्ठ्यावर बुरशीचे ठिपके उठले. तेव्हापासून कागद माडीवर, लोखंडी कपाटात, आत बल्ब लावून.

आणि नदी. वाड्याच्या मालकांनी भाडेकरारावर सही करण्याआधी आम्हाला भिंतीवर जुन्या पुराच्या पाण्याची रेघ दाखवली. प्लेट ठेवायचा सगळ्यात खालचा कप्पा त्या रेघेच्या चार बोटं वर आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की एक जण गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय ते बघून येतो आणि बाकीचे ड्रॉवर वर चढवतात. प्रेस चढवता येत नाही. तिला तेल चोपडून वरून प्लास्टिक बांधतो आणि देवाचं नाव घेतो.

माझ्या फोटोवरून प्रिंट करून द्याल का? कंपनीचा लोगो? वाईनच्या बाटलीचं लेबल?

फोटो आणि लोगो नाही. लेबलसाठी लिनोकट करून दिलं आहे, कारण त्या वायनरीच्या ताई स्वतः दोन दिवस येऊन बसल्या आणि द्राक्षाचा घड त्यांनीच कापला. थोडा वाकडा झाला. तसाच ठेवा म्हणाल्या.

गॅलरीत माझं काम लावाल?

छापचित्र असेल तर जरूर दाखवा. मोबाइलवरचा फोटो नको, कागद घेऊन या. दर दोन महिन्यांनी सहा जण बसून निवडतो आणि मतभेद होतात. नाकारलं तर का, ते तोंडावर सांगतो. यात काही लोक दुखावले गेलेत, पण ‘कळवतो’ म्हणून न कळवणं आम्हाला जास्त वाईट वाटतं. भाडं नाही, उद्घाटनाला पाहुणे बोलवायची सक्ती नाही, शाल-श्रीफळ तर अजिबात नाही. छोट्या छापा आठशे रुपयांपासून विकल्या जातात. शिक्षकांच्या पगारातून घेता येईल असं चित्र भिंतीवर हवं, हा आमचा हट्ट आहे. ज्यांना हजार-दोन हजारही एकदम जमत नाहीत ते तीन हप्त्यांत देतात. आजवर एकाही हप्त्यासाठी फोन करावा लागलेला नाही. एकदा करायला हवा होता, पण त्या मावशी स्वतःच चिवडा घेऊन आल्या.

घेतलेलं प्रिंट फ्रेम कसं करू?

काच आणि कागद यांच्यात माउंटची फट ठेवा. मागे सेलोटेप किंवा फेविकॉल लावू देऊ नका, फ्रेमवाले ऐकत नसतील तर समोर उभे राहा. कडा कापू नका, सही झाकू नका. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या उन्हात लावू नका, आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर तर नकोच.

घरी प्रेस नाही, तर शिकून काय उपयोग?

लिनो आणि लाकडाला प्रेस लागत नाही. कागद वर ठेवा आणि स्टीलच्या डावाच्या पाठीने गोल गोल घासा. जोर मनगटाचा नको, खांद्याचा. एका कोपऱ्यातून हळूच उचलून बघा, जिथे फिकं आहे तिथे पुन्हा घासा. लाटणंही चालतं, पण मग ते पोळ्यांना परत जात नाही. घरात आधी विचारून घ्या.

मुलांना आणू का?

दहा वर्षांपुढची. त्याहून लहानांना भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे. रविवारी सकाळी, ओसरीवर.

येताना काय आणू? गाडी कुठे लावू?

फेकायला काढलेला शर्ट घाला, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा, नखं कापून या. शाई नखांत चार दिवस राहते, ऑफिसला सांगायला काहीतरी कारण तयार ठेवा. गल्लीत दुचाकीच येते. चारचाकी गोदाघाटाकडे लावून चालत या, फक्त बुधवारी नको, बाजार असतो. वाडा सापडला नाही तर भांडी बाजारात कुणालाही ‘उलटी नावं घालतात ते कुठे’ असं विचारा.